टोपी उघडायची नाही : दिवेआगरचा कलमवर्ग

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या कागदावर पहिली सही बाबांची. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी होती आणि बाबांना ते पटत होतं. सही करून आले आणि दोन दिवस बाल्कनीतून खाली बघत बसले. कारण आवारातला रायवळ आंबा त्यांनी लावलेला. फळ इतकं आंबट की पोपटही विचार करून चोच मारतो, पण चारही मजल्यांवर लोणचं त्याचंच. दिवाळीनंतर इमारत पाडणार, तिच्यासोबत झाडही जाणार. अशात घरी बाग करणाऱ्यांसाठी दिवेआगरला पावसाळी कलमवर्ग असल्याचं माझ्या वाचनात आलं. बाबांना दाखवलं, तर म्हणाले, "बॅग भर."

वर्ग घेणाऱ्या विमलताईंनी फोनवर बजावलं होतं, की झाडाच्या ज्या काड्या कलमाला घ्यायच्या त्यांची पानं आठवडाभर आधी खुडा, देठ तेवढे राहू द्या, म्हणजे कोंबाचे डोळे फुगतात. बाबा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. निघायच्या सकाळी काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि त्या बाबांच्या मांडीवर बसून आल्या. काड्यांना गारवा बाधेल म्हणून मला गाडीतला एसीही लावू दिला नाही.

माणगावपर्यंतच्या महामार्गाबद्दल काही न बोललेलं बरं, कंबर सांभाळा. माणगावला मिसळ खाऊन म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो की मात्र डोळे निवतात. भातखाचरं, धुकं, मध्येच एखादी म्हैस रस्ता अडवून उभी. एसटीने येणाऱ्यांनी बोर्लीला उतरून रिक्षा करावी. राहणं, जेवण आणि वर्ग मिळून माणशी अडीच हजार घेतात. दुपारच्या पानात वालाचं बिरडं आणि अळूचं फदफदं होतं. त्यातच पैसे वसूल झाले.

विमलताई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या वाडीत चक्रीवादळाने पाडलेल्या माडांच्या जागा अजून मोकळ्या आहेत. तिथे ऊन थेट खाली येतं, आणि ते जरा चुकल्यासारखं वाटतं. पत्र्याच्या पडवीत आम्ही आठ-दहा जण बसलो. बाकी सगळ्यांना हापूस हवा होता. पुण्याच्या एक गच्चीबागवाल्या बाई बाबांच्या काड्या बघून म्हणाल्या, "रायवळ? एवढ्या लांब येऊन?"

बाबांचा चेहरा उतरला. विमलताईंनी काडी हातात घेऊन फिरवली. "लोणच्याला हापूस चालत न्हाय, बाई. काडी झ्याक हाय, काका."

मातीच्या पिशवीत कोयीतून नुकत्याच आलेल्या तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला उभी चीर द्यायची, काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं, पट्टीने आवळायचं. मग गारेगारवाले वापरतात तसली अरुंद प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी वरून घालायची. बाबांनी तीन काड्या तासल्या. पहिली काडी फुकट गेली, दुसरी आणि तिसरी बसली.

"फूट दिसंस्तवर टोपी उघडायची न्हाय," विमलताई म्हणाल्या. "आतला ओलावा गेला का कलम गेलं."

त्यांच्याकडची रीत अशी, की एक कलम घरी न्यायचं आणि एक वाडीतच ठेवायचं. बाबा अडून बसले. "दोन्ही नेतो. माझी आहेत."

"ऱ्हाऊ द्या एक हितं. तुमचं जगलं तर हे मला द्या, न्हाय तर हे तुमी न्या. आमाला बी लोणचं लागतं."

बाबांनी एका कलमाची पिशवी हळूच विमलताईंच्या कलमांच्या ओळीत नेऊन ठेवली. किनाऱ्यावर फिरायला गेलो तेव्हाही ते समुद्राकडे कमी आणि मागे वाडीकडे जास्त बघत होते. मला त्यांची फार माया आली.

घरी आल्यावर कलम खिडकीत गेलं. काही दिवसांनी पाहिलं तर काडी काळी पडलेली. शेजारच्या काकूंनी चहाडी केली, "रोज सकाळी टोपी काढून बघतात गं, जरासंच."

"जरासंच," बाबा खाली मान घालून म्हणाले.

गणपतीच्या आदल्या दिवशी विमलताईंचा फोटो आला. टोपीच्या आत दोन तांबूस पानं, बोटाच्या पेराएवढी. सोबत निरोप होता, की तुमचं जगलं असेल तर याच्यासाठी पडलेल्या माडाची एक जागा धरून ठेवली आहे, नसेल तर हे कलम न्यायला कधी येताय ते कळवा.

नवं घर चौदाव्या मजल्यावर मिळणार आहे. बाबा फोटो बराच वेळ बघत राहिले. मग बाल्कनीत जाऊन खाली झाडाकडे पाहून आले आणि मला फोन लावायला सांगितला.

"विमलताई, ते तिथेच लावा," ते म्हणाले. "त्याला जमीन पाहिजे. लोणच्याच्या वेळेला आम्हीच येऊ." फोन ठेवता ठेवता त्यांनी पुन्हा कानाला लावला. "आणि टोपी एवढ्यात काढू नका हं. आत्ता कुठे फुटतंय."

"न्हाय काढत, काका," पलीकडून आवाज आला.