मिलर्स मेडोचं उंच गवत

मधुमती रामटेके भित्री आहे, हे इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या तिच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टला घाबरे, कुत्र्याला घाबरे, दाराची बेल अवेळी वाजली की तिच्या छातीत धस्स होई. अशी बाई आठवड्यातून दोनदा शाळेच्या मुलांना घेऊन मिलर्स मेडो नावाच्या कुरणातल्या छातीएवढ्या गवतात कशी शिरते, हे कोडं तिच्या नवऱ्याला, भगवानलाही सुटलं नव्हतं.

घडलं होतं ते एक्याऐंशीच्या जूनमध्ये. तेव्हा ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती आणि मेडोतल्या पायवाटेनं घरी यायची. एका संध्याकाळी डोकी भादरलेली तीन पोरं तिच्या मागं लागली. आधी तिच्या रंगावरून नुसत्या शिव्या होत्या, मग धावत्या पावलांचा आवाज आला. आपल्याला पळून जमायचं नाही हे तिला कळलं, आणि ती वाट सोडून गवतात घुसली नि पालथी पडून राहिली. पोरं काठ्यांनी गवत झोडपत फिरली. एकाचे बूट तिच्या हाताजवळून गेले. तोंडात माती गेली होती, तरी तिनं खोकला गिळला. तिथल्या जूनमध्ये संध्याकाळीही बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं, आणि तरीही ती कुणाला दिसली नाही. शेवटी पोरं कंटाळून निघून गेली.

घरी तिनं ‘पडले’ एवढंच सांगितलं. भगवान काही वाईट माणूस नव्हता. बायकोवर जीव टाकणारा होता, आणि खरी अडचण तीच होती. त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून नोकरी बंद, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा तो सोबत आला असता. म्हणून तिनं ब्रही काढला नाही.

पुढं त्या जागेवर घरं बांधायचा घाट घातला गेला. मार्गारेट नावाच्या शिक्षिकेनं त्याविरुद्ध माणसं जमवली, तेव्हा मधुमती कुणी न बोलावता गेली. घरं टळली, गवत राखीव झालं, कडेला निसर्ग-केंद्राची एक लाकडी खोली उभी राहिली आणि शाळांच्या सहली येऊ लागल्या. मधुमती मुलांना कुसळं दाखवी, फुलपाखरांची अंडी दाखवी. भीती मात्र होती तिथंच होती. मागून कुणी आलंच तर आधी आपण सापडावं, म्हणून ती मुलांच्या सगळ्यात मागं चाले. मुलांना न्यायला तरुण बाप आले की तिची बोलती बंद होई. त्या तिघांचे चेहरे तिनं धड पाहिलेच नव्हते. यांतला कुणीही त्यांच्यातला असू शकतो, हे तिच्या डोक्यातून जात नसे.

त्र्याण्णवमध्ये कौन्सिलपुढं एक प्रस्ताव आला. बायकांना त्या वाटेची भीती वाटते, तेव्हा सगळं गवत कापून घोट्याएवढं ठेवावं. मार्गारेट रडकुंडीला आली. कापलेल्या गवतात मुलांना दाखवायला काही उरणार नव्हतं, केंद्र बंदच करावं लागलं असतं. मीटिंगला हॉल भरला. भगवान मधुमतीच्या शेजारी बसला होता.

“एकदम राइट डिसिजन आहे,” तो कुजबुजला. “तू फर्स्ट हात वर कर. तुझ्याइतकं घाबरट इथं कोण आहे?”

कुणा बाईला काही बोलायचं आहे का, असं पुढून विचारलं गेलं. मधुमतीच्या मनात आलं, आपण बोललो तर गवत वाचेल, आणि बोललो तर भगवानही ऐकेल. ती खुर्चीला धरून उठली.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. “मला रोज भीती वाटते,” ती शेवटी म्हणाली. “पण ती माणसांची. गवत घोट्याएवढं असतं, तर त्या दिवशी मी कुठं लपले असते?”

खाली बसताना तिनं भगवानकडे बघायचं टाळलं. प्रस्ताव बारगळला. मार्गारेटनं तिला मिठी मारली, पण मधुमतीचं लक्ष नव्हतं.

बसस्टॉपवर भगवान म्हणाला, “इतकी वर्षं? मला का नाही सांगितलंस?”

“अहो, तुम्ही मला बाहेर जाऊ दिलं नसतं.”

त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. “नसतंच दिलं,” तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी शाळेची मुलं यायची होती. मधुमती निघाली, तर भगवान कोट घालून आधीच दारात उभा होता. वाटभर त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. मेडोच्या फाटकाशी आल्यावर त्यानं विचारलं, “कुठं पडली होतीस?”

तिनं बोट दाखवलं. त्या उंच गवताकडे तो बघत राहिला.

“यापुढं सोडायला मी येणार, न्यायलाही मीच,” तो म्हणाला. “एकटीनं यायचं नाही.”

मधुमतीनं वाद घातला नाही. हॉलमध्ये खुर्ची धरून उठतानाच तिला हे कळलं होतं, आणि तरी ती उठली होती.