डब्ब्यावरचं कुंकू

आमच्या वावरावरून विजेच्या तारा जातात. जातात म्हणजे नुसत्या जातात, आमच्यासाठी खाली उतरत नाहीत. नवऱ्यानं खांबासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, आता सोलर पंपच मिळेल, आणि एकदा सोलर घेतलं की खांबाचं नाव काढायचं नाही. घेतलं. विहिरीजवळ काळ्याशार पाट्या उभ्या झाल्या, त्यांच्याखाली एक पांढरा डब्बा बसला. पहिल्याच दिवशी पाइपातून असं पाणी पडलं की मी पदर खोचून लेकरासारखी त्यात उभी राहिले.

तो डब्बा म्हणजे सगळ्याचा मालक. पाट्यांवरचं ऊन तोच मोटारीला देतो. दिलं तर दिलं.

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, विळे, टिकास, सगळ्यांची पूजा होते. मी डब्ब्यालाही हळदीकुंकू वाहिलं, अक्षता चिकटवल्या. एवढं पाणी देतो बिचारा, म्हटलं, त्यालेच काहून विसरायचं?

पुढं उन्हाळी धान पोटरीवर आला, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आतच होती, आणि डब्ब्यावर लाल दिवा लागला. मोटार गप्प. या वेळी पाणी तुटलं तर लोंबी पोकळ निघते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. नवऱ्यानं कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, डब्ब्यावरच्या स्टिकरचा नंबर दिसेल असा फोटो पाठवा.

स्टिकरवर माझं कुंकू. हळदीसकट वाळून घट्ट बसलेलं. ओल्या पदरानं घासघासून काढलं, तर कुंकूही गेलं आणि नंबरही गेला.

"हे काय करून ठेवलं वो?" नवरा कपाळाला हात लावून वावराच्या कडेला धुऱ्यावर बसला.

"मले काय माहीत, देवाचा नंबर कुठं असते ते!" मी ओरडले.

नंबर नाही तर तक्रार नाही. नवऱ्यानं ऑफिसात हेलपाटे घालून घालून तो जुन्या कागदांतून मिळवला. मग माणूस येऊन पाहून गेला, आतला बोर्डच जळालेला. बोर्ड कधी येणार म्हणून मी स्वतः फोन केला. "मॅडम, वो बोर्ड यहाँ नहीं बनता, बाहर से आता है. अभी जहाज में है." गावातल्या मोटारवाल्याकडून उघडून पाहू का, विचारलं. सील तोडलं तर गॅरंटी खतम.

जहाज! तळ्यातल्या डोंग्यापलीकडं काही न पाहिलेली माणसं आम्ही. गावभर झालं. नळावर माझी जाऊ विचारायची, "काय वो, आलं का तुयं जहाज?"

"येऊन राहिलं," मी म्हणायची, "तुले त्यातच बसवून पाठवतो उलटं."

हसणं तोंडावरचं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय ठेवला की ते गळून पडायचं. डोक्यावर भगभगतं ऊन, विहिरीत वाकलं की माझंच तोंड दिसेल एवढं पाणी, आणि पायाखाली भेगा. ऊन आमचं, विहीर आमची, धान आमचा, आणि मधात समुद्रापलीकडून आलेला तो एक डब्बा. भाड्याचं डिझेल इंजिन आणलं, पण त्याची सगळ्या गावात ओढाताण. एक बांधी धड भिजली नाही तोच ते दुसऱ्याच्या वावरात गेलं. मी बादलीनं पाणी टाकलं. येडेपणाच, दुसरं काय! डब्ब्याला शिव्या घातल्या, आईबहिणीवरून घातल्या. त्याचा लाल दिवा तसाच.

लोंबी बाहेर आली ती पांढरी. चिमटीत दाबली, दाणा नाही. दुसरी दाबली. तिसरी. मग दाबणं सोडलं आणि धुऱ्यावर बसून हमसून हमसून रडले.

नवरा घरून विळा घेऊन आला. मग म्हणाला, "चाल, कापून टाकू. ढोरं तरी खातील."

बोर्ड आला तेव्हा बांधीत धसकटं होती. कंपनीच्या माणसानं तो बसवला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि पाणी धो धो करत त्या धसकटांत शिरलं. त्याला वर पाठवायला चालू पंपाशेजारी आमचा फोटो हवा होता. "थोडं हसा ना, ताई." मी हसले नाही. त्यानं तसाच काढला.

आता पुन्हा दसरा आलाय. पाऊस गेला, खरिपाचा धान पोटरीवर आहे, शेवटचं पाणी द्यायचं राहिलंय. खांब नाहीच. सकाळी घरची हत्यारं पुजून ताट घेऊन वावरात गेले. डब्ब्यापुढं हात थांबला. याला कुंकू? याला? दिवा हिरवा होता. मागं धान वाऱ्यानं हलत होता.

"लाव ना वो," नवरा हळूच म्हणाला. "उगाच कायले रुसवतं त्याले?"

मी लावलं. स्टिकर सोडून, झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात, एका बोटानं, जपून. शिव्या पोटातच ठेवल्या आणि हात जोडले.