झाकणाला हात लावायचा नाही

काकूंच्या स्वयंपाकघरात एक नियम होता, आणि तो मोडायला साक्षात देव आला असता तरी काकूंनी त्याला चपला घालायला लावून जिन्याखाली उतरवलं असतं. बरणी उकळत्या पाण्यातून बाहेर निघाली की दुसरा दिवस उजाडेपर्यंत तिच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. धूळ दिसली तरी नाही.

जॅम करणं फारसं अवघड नाही हो, फळं आणि साखर ढवळायला कुणालाही जमेल. खरी कसोटी पुढे असते. मोठ्या पातेल्याच्या तळाशी काकू जुना टॉवेल घालायच्या, म्हणजे काच काचेवर आपटत नाही. रिकाम्या बरण्या त्यात खळखळ उकळायच्या, झाकणं शेजारच्या पातेल्यात. मग चिमट्याने एकेक बरणी काढायची आणि ती गरम असतानाच गरम जॅम भरायचा, कारण थंड काचेत ओतला तर तडा गेलाच म्हणून समजा. वर बोटभर जागा सोडायची. बरणीची कड स्वच्छ फडक्याने पुसायची. तिथे जॅमचा एक थेंब राहिला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि झाकण? झाकण नुसतं बोटांच्या जोराने बसवायचं, आवळायचं नाही. मग बरण्या पुन्हा पाण्यात, पुन्हा उकळ. आतली हवा झाकणाखालून निघून गेली पाहिजे.

त्यानंतर बरण्या टेबलावर, खिडकी बंद, आणि काकू स्टुलावर. थंड होताना झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो आणि 'टक्' असा आवाज येतो. त्या एका आवाजासाठी काकू अशा कान लावून बसायच्या की कुणी खोकलं तरी डोळे वटारायच्या. सकाळी उठून प्रत्येक झाकण मधोमध दाबून बघायचं. दबलं नाही, म्हणजे हवा गेली, बरणी पक्की. मगच ती फळीवर.

"एवढी काळजी माझी घेतली असतीस तर मी आज पैलवान असतो," मिस्त्री म्हणायचे.

"तुम्हाला उकळायला एवढं मोठं पातेलं कुठून आणू?" काकू म्हणायच्या.

मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान. नळाची कामं करायचे. आयुष्यभर लोकांच्या मोऱ्यांखाली आडवे पडून राहिलेला माणूस, पण गळतीशी त्यांचं जन्माचं वैर. टपटप आवाज ऐकला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुठे जेवायला गेले तरी आधी नळ बघणार, सैल वाटला तर खिशातला लहान पाना काढून आवळणार, आणि मगच ताटावर बसणार. काकूंना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तो पाना खिशात आहे ना, हे त्या स्वतःच सकाळी चाचपून बघायच्या. कारण पाना सापडला नाही की मिस्त्री घर डोक्यावर घ्यायचे, आणि शेवटी कोपऱ्यात बसून हुंदके द्यायचे.

झालं होतं असं, की मिस्त्रींचं डोकं साथ सोडायला लागलं होतं. आधी शब्द हरवले, मग रस्ते. काकूंनी सहा महिने कुणाला कळू दिलं नाही. 'ऐकू कमी येतं हो त्यांना,' असं सांगून वेळ मारून न्यायच्या. पण एक दिवस मिस्त्री मागच्या गल्लीत भलत्याच घरात शिरले आणि तिथल्या मोरीचा पाइप खोलून बसले. घरातली बाई किंचाळली, माणसं जमली. मुलगा कामावरून धावत आला, हात जोडून सगळ्यांची माफी मागितली.

मुलगा वाईट नव्हता, उगाच त्याला बोल लावू नका. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, रविवारी न चुकता यायचा, येताना आईची औषधं आणायचा. त्या दिवशी तो काकूंसमोर बसला आणि खाली बघून म्हणाला, "आई, मी एक जागा बघून ठेवली आहे. चांगली आहे. बाग आहे, माणसं प्रेमळ आहेत. आता एक जरी भानगड झाली ना, तरी मी बाबांना तिथे नेणार. तू मला अडवायचं नाहीस."

"नाही होणार भानगड," काकू म्हणाल्या.

"उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तर?"

काकू उठल्या आणि चहा ठेवला. तेव्हापासून जीव नुसता टांगणीला लागलेला. दाराला वरची कडी लावायची, गॅस खालून बंद करायचा, आणि दुपारी डोळा लागला तरी एक कान उघडा ठेवायचा. पण माणूसच त्या. कधीतरी झोप लागायचीच.

त्या रविवारी मुलगा नुकताच येऊन टेकला होता. मिस्त्री खिडकीशी बसून पेपर वाचत होते, म्हणजे हातात धरून होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कोपऱ्यावरची बेकरीवाली आत आली. काकूंच्या बरण्या तिच्याच दुकानात विकायला असायच्या, जॅमच्या आणि पाकातल्या नासपतीच्याही. 'काकूंचा जॅम' म्हटलं की गिऱ्हाईक दुसरं काही विचारायचं नाही, एवढं काकूंच्या हाताचं नाव. तिच्या हातात बरणी होती, पिशवीत गुंडाळलेली.

"काकू, रागावू नका," ती म्हणाली, "पण माझ्या सासऱ्यांना कालपासून उलट्या होताहेत. त्यांनी ही नासपती खाल्ली. म्हातारा माणूस, वास कळला नसेल. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. तुमची बरणी म्हणून मी डोळे झाकून दिली हो त्यांना!"

काकूंनी बरणी हातात घेतली. आत फेस आला होता, पाक गढूळ. झाकणाचा मधला भाग वर फुगलेला. असं होणं शक्यच नव्हतं. प्रत्येक बरणी त्यांनी स्वतः दाबून बघितली होती. त्यांनी झाकण उजेडाकडे फिरवलं.

झाकणाच्या कडेला दात उमटले होते. बारीक, तिरके. पत्रा तिथे चेपला होता आणि आतलं रबर एका बाजूला सरकून बाहेर डोकावत होतं. ते दात कुठल्या पान्याचे हे काकूंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या झोपलेल्या असताना मिस्त्री फळीपाशी गेले असणार. बोटांनीच बसवलेली झाकणं त्यांना सैल वाटली असणार. बायकोचं काम अर्धवट राहिलं म्हणून बिचाऱ्यांनी ते पुरं करून टाकलं.

काकूंनी फळीकडे बघितलं. सगळ्या झाकणांना तेच दात.

"काय झालं आई?" मुलाने विचारलं. तो उठून जवळ यायला लागला.

काकूंनी झाकणावर पंजा ठेवला. कड झाकली गेली.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "झाकणं मी नीट बसवली नाहीत. हल्ली हात थरथरतो माझा. बरण्या उकळल्या की नाही, तेही आठवत नाही बघ. फळीवरच्या सगळ्या फेकते. आणि तू गं," त्या बेकरीवालीला म्हणाल्या, "दुकानातल्या उरलेल्याही आत्ता जाऊन काढ, कुणाला देऊ नकोस. तुझ्या सासऱ्यांच्या मी पाया पडेन."

"तुम्ही विसरलात? काकू, तुम्ही?" बेकरीवालीचा विश्वासच बसेना. मग तिचा आवाज पडला. "मग आता... यापुढे दुकानात ठेवता नाही यायचं. लोक मला विचारतील."

"नकोच ठेवूस," काकू म्हणाल्या. उभ्या आयुष्यात एक बरणी नासली नव्हती त्यांची. आणि आता त्या आपल्याच तोंडाने आपल्या नावावर चिखल उडवत होत्या.

आणि एवढ्यात खिडकीजवळून मिस्त्री उठून आले. पेपरची घडी केली, बेकरीवालीला ओळखल्यासारखा नमस्कार केला आणि काकूंकडे वळून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"किती वेळा सांगितलं तुला? हाताने घट्ट होतं का कधी? निष्काळजीपणा सगळा! लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा." मग बेकरीवालीला अगदी समजुतीने म्हणाले, "तिला माफ करा बाई. वय झालंय तिचं. यापुढे झाकणांकडे मी लक्ष देईन."

मुलगा आईकडे बघत राहिला. "बाबा आज किती नीट बोलले," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आई, त्या जागेचं राहू दे सध्या. मला तर आता तुझीच काळजी वाटते."

"हो रे बाबा," काकू म्हणाल्या. "वाटणारच."

सगळे गेल्यावर काकू मोरीपाशी बरण्या घेऊन बसल्या. ओतून टाकायच्या, पण एकही झाकण उघडेना. पदराने धरून पाहिलं, गरम पाण्यात बुडवून पाहिलं, दात-ओठ खाऊन जोर लावला, तळहात लाल झाला. शेवटी त्यांनी हाक मारली.

"अहो, जरा येता का? उघडत नाहीये."

मिस्त्री लगबगीने आले. कुणी कामाला बोलावलं की त्यांची पाठ अजून ताठ व्हायची. त्यांनी खिशातून पाना काढला, झाकणाला लावला, एक झटका दिला. कर्र करून झाकण सुटलं. त्यांनी ते हातात फिरवून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मान डोलावली.

"कुणी आवळलं गं हे?" त्यांनी विचारलं. "हात चांगला आहे हो त्याचा. अस्सं काम पाहिजे. कोण मिस्त्री आहे?"

काकूंनी बरणी मोरीत उपडी केली. नासपतीच्या फोडी बदाबदा पडल्या, आंबूस वास सगळ्या घरात पसरला. रडू असं फुटत होतं की नळ पूर्ण सोडावा लागला.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "ही पुढची घ्या."