उजव्या बाजूची गिटार

नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा आमच्या मिस्टरांनी त्यांना विचारलं, "साहेब, थोडं पुढं ढकलता येईल का?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी लग्न वगैरे आहे का?"

"नाही. एक पार्सल यायचं आहे."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. त्यांच्या उजव्या कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हता, पण गाठ वाढत होती. काढली तर उजव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं जाणार, चेहऱ्याची नस तिला लागूनच असल्यामुळे तोंड वाकडं होण्याची भीती, आणि नाही काढली तर मेंदूवर दाब. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आणि हा माणूस पार्सलची वाट पाहत होता.

आमचं दारव्ह्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळं गाव मला मॅडम म्हणतं आणि मिस्टरही चिडवायला तेच म्हणतात. मुसलमान घर, त्यामुळे नातेवाइकांत हिंदी आणि गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. आम्ही दोघं जे तोंडात येईल ते बोलतो. इंग्रजी मात्र त्यांना फारसं येत नाही. तरीही तरुणपणी नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या एका विलायती बँडच्या कॅसेटी त्यांनी दुकानात आयुष्यभर वाजवल्या. एकाच स्पीकरचा जुना टेप, त्याच्यावर ग्रीसचे डाग, आणि समोर उघडलेलं इंजिन. शब्द कळत नसले तरी कुठल्या गाण्यात ढोल कधी पडतो हे त्यांना पाठ होतं. मला तो सगळा गोंगाट वाटायचा. कॅसेटी झिजल्या तेव्हा मुलीनं तीच गाणी मोबाइलवर लावून दिली. हेडफोनला ते कधी शिवले नाहीत. "कानात बुचं घालून कायचं गानं?" म्हणायचे.

मुलगी पुण्याला नोकरी करते. गाठीचं कळल्यावर तिनं शोधून काढलं, की त्या बँडचे सगळे अल्बम मूळ टेपवरून नव्यानं साफ करून पुन्हा काढलेत. रीमास्टर की काय म्हणतात ते. तिनं तो सीडींचा संच मागवला, सोबत एक चांगला हेडफोन आणि छोटा प्लेअर. फोनवर मला म्हणाली, "अम्मी, अब्बूंना एकदा तरी दोन्ही कानांनी नीट ऐकू दे. मग जाऊ दे कान."

ती रडत होती, म्हणून मी हो म्हटलं. पण पार्सल लांबलं. डॉक्टरांनी दिलेली पहिली तारीख गेली. दुसरी आली. मिस्टरांना चालताना तोल जायला लागला. एकदा दुकानाच्या पायरीवरून पडले आणि कोपर सोलून घेतलं.

"उद्या निघायचं," मी म्हटलं. "पार्सल आलं तर शेजारी घेतील."

"ऑपरेशन झाल्यावर तो संच घेऊन मी काय करू? लोनचं घालू?"

"आणि तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

ते दुकानात निघून गेले. त्या आठवड्यात आम्ही जेवायला वाढ आणि पाणी दे याच्यापलीकडे बोललो नाही.

मग मुलीचा फोन आला. पार्सल यवतमाळपर्यंत आलं होतं, पण पत्ता सापडला नाही असं लिहून ते परत पाठवायला निघालं होतं. संध्याकाळच्या गाडीत चढलं की गेलं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि मिळेल त्या एसटीनं यवतमाळ गाठलं. राग पार्सलवर होता, मिस्टरांवर होता, पण ते परत गेलं तर हा माणूस तिसरी तारीखही घालवील हे मला दिसत होतं.

कुरिअरच्या गोदामात खोक्यांचा ढीग लागला होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर नंबर जाईल. तो सांगा, घेऊन जा."

मी मिस्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला. "हॅलो? हॅलो?"

"मेसेजमधला नंबर सांगा."

"हॅलो? कोन हाय? आवाजच येऊन नाई राह्यला." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "नेटवर्क नाई इथी," असं ओरडून त्यांनी बंद केला. बाहेर गाडीचं मागचं दार उघडलं होतं आणि हमाल खोकी आत फेकत होते. शेवटी दुकानाशेजारच्या किराणावाल्याला फोन केला. तो धावत गेला, त्यानं मेसेज वाचून नंबर सांगितला. ते खोकं मी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मिस्टरांनी दुकान बंद ठेवलं. रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुतले, नखांत काडी घालून काळं काढलं, आणि दिवाणावर बसून खोकं उघडलं. सीडीवर बोट लागू नये म्हणून ती कडेनं धरली. हेडफोन घातला. मी दारात उभी राहून त्यांचा चेहरा पाहत होते.

आधी ते हसले. मांडीवर बोटं वाजायला लागली. मग कपाळाला आठ्या पडल्या. गाणं मागं नेलं, आवाज वाढवला. परत मागं नेलं.

"काहाडली," ते म्हणाले.

"काय काढली?"

"गिटार. या गान्यात दोन गिटारी हायेत. एक बोलते, दुसरी तिले जवाब देते. दुसरी काहाडूनच टाकली त्यायनं! साफ करता करता धुऊन टाकली!" त्यांचा आवाज चढला होता. "याच्यासाठी थांबलो होतो मी? हे परत पाठव. पोरीले सांग, दुसरा मागव म्हना."

दुसरा! म्हणजे तिसरी तारीखही गेलीच.

"ऐक बरं तू," म्हणून त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर घातला.

ते गाणं मी लग्नापासून ऐकत आले होते आणि कधीच ऐकलं नव्हतं. डाव्या कानात एक गिटार वाजली, थांबली. आणि मग उजव्या कानाशी दुसरी आली, इतकी स्वच्छ, इतकी जवळ, की मी दचकून मान वळवली. उजव्या बाजूला कोणी नव्हतं. समोर मिस्टर माझ्याकडे पाहत होते.

"हाय?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर ते नव्या पार्सलची वाट पाहत बसणार. आणि हो म्हटलं तर त्याचा अर्थ काय, ते मला तोंडानं सांगवत नव्हतं.

"सांग ना वं. हाय का नाई?"

"आहे."

"कुठी?"

मी उजव्या कानावर बोट ठेवलं.

मग त्यांनी हेडफोन घेतला, उलटा करून घातला आणि गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आता दुसरी आली," ते हळू म्हणाले, "पन पयली गेली."

टेपला एकच स्पीकर, मोबाइललाही एकच. सगळं एकत्र होऊन येत होतं आणि डावा कान दोघांचं काम करत होता. उजवा किती उरलाय हे कळायचं कारणच पडलं नव्हतं. फोन तेवढा ते उजव्या कानाला लावायचे. की त्यांना ठाऊक होतं आणि ते नेटवर्कवर ढकलत होते? मी कधी विचारलं नाही.

"कधीपासून असन वं हे?"

"माहीत नाही."

"ज्याच्यासाठी थांबलो, तो तर पयलेच गेलता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लाव डॉक्टरले फोन."

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मुलगी पुण्याहून आली. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. दार उघडलं की दोघी उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की पुन्हा बसायचो. शेवटी डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत असं म्हणणार नाही. पण निघाली सगळी."

उजवा गाल लोंबला होता, डोळा मिटत नव्हता. डोळ्यात थेंब घालणं, गालाला मालिश, आरशासमोर फुगे फुगवल्यासारखं करणं, यात पावसाळा आणि हिवाळा गेला. आता हसताना ओठ थोडा मागं राहतो, एवढंच. दुकान सुरू आहे. मुलीनं मोबाइलमध्ये दोन्ही बाजू एकत्र करून दिल्यात, त्यामुळे हेडफोन लावला तरी डाव्या कानात दोन्ही गिटारी येतात. मिस्टर म्हणतात नव्यात ढोल जास्तच ठोकलेत, आणि तरी तेच लावतात.

आवाज कुठून येतो ते मात्र त्यांना कळत नाही. मागच्या आठवडी बाजारात आम्ही रस्ता ओलांडत होतो. उजवीकडून काळीपिवळी जीप हॉर्न वाजवत आली आणि हे डावीकडे पाहत पुढं पाऊल टाकत होते. मी सदरा धरून मागं ओढलं. जीप पिशवीला घासून गेली, वांगी रस्त्यावर पडली. ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर बाजारात या माणसानं माझा हात कधी धरला नव्हता. त्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.