साहेब आमचे निरोप वाचायचे

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळत होते, तिथे माझं टेबल खाली होतं, यंत्रांना लागून. परचेस, म्हणजे खरेदी विभाग, वर, लोखंडी जिना चढून. गाडी आली का, पत्रा उतरला का, मालाचं चलन कुठे आहे, एवढं विचारायला दिवसभर तो जिना चढायचा-उतरायचा. इंटरकॉम होता, पण पत्रा दाबणारी प्रेस चालू झाली की त्यावर काही ऐकू यायचं नाही. म्हणून दोन हजार सालानंतर कधीतरी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आणि त्यावरून निरोप पाठवायची सोय झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या गुडघ्यांना झाला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, बटण दाबायचं, की वरच्या टेबलावर छोटी चौकट उघडायची. गाडी आली. बास.

वर परचेसमध्ये माझी मैत्रीण बसायची. मूळची येवल्याची, लग्नानंतर नाशिकला आलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिचे उपचार चालले होते. घरी फोन हॉलमध्ये, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी. ऑफिसात समोरच साहेबांची काचेची केबिन. तिला कुणाशी दोन शब्द बोलायचे तर जागाच नव्हती. मग ती त्या चौकटीत लिहायला लागली. आज इंजेक्शन आहे. आज पोटात दुखतंय. एका सकाळी नुसतंच, "परत आली गं पाळी." मी खाली ट्रकवाल्याच्या चलनावर सही करता करता ते वाचलं. "डबा घेऊन खाली ये," एवढंच लिहिलं.

त्याच आठवड्यात तिने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पन्नाशीचे, कपाळाला रोज गंध. ते म्हणाले, "आता कशाला डॉक्टर? या महिन्याचं तर गेलंच ना तुमचं."

ती तडक खाली आली आणि साहेब काय म्हणाले ते सांगितलं. मला म्हणाली, "तू कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलणार? नवऱ्यालासुद्धा नाही."

आम्ही दोघी त्या कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. तिला खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी मी तिला एक धादांत खोटा निरोप पाठवला, की माझ्या मावसभावाची जीप रविवारी घोटीला जातेय, तिकडून नवा इंद्रायणी तांदूळ स्वस्तात आणणार आहे, तुला हवा असेल तर सांग. माझा मावसभाऊ रिक्षा चालवतो. घोटीला कुणीही जाणार नव्हतं. या जीपबद्दल आम्ही तोंडाने एक शब्दही काढला नाही.

दुपारच्या चहाला साहेब खाली आले. कप हातात, बिस्किट बुडवत मला म्हणाले, "घोटीचा तांदूळ येतोय म्हणे. माझेही दहा किलो सांगा."

त्यांनी वाचलं, याची कल्पना आलीच होती. पण त्यांना ते लपवावंसंही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलं चाटून वर मीठ कमी आहे म्हणावं, तसा तो चेहरा.

कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला मी गाठलं. तो मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "मॅडम, प्रत्येक मेसेजची कॉपी साहेबांच्या मशीनवर पडते. पहिल्या दिवसापासून. त्यांनीच सांगितलं होतं तसं करायला. चहाच्या वेळी अकाउंटवाले दोघं बसतात ना केबिनमध्ये, तेव्हा तेच चाललेलं असतं." हे सांगताना तो हसला. म्हणजे त्यानेही वाचलं होतं.

अकाउंटचे ते दोघे रोज सकाळी तिला "ताई, कशा आहात" असं विचारायचे.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रागावली की तिच्या तोंडी येवल्याची बोली यायची. म्हणाली, "मला लय घाण वाटतंय. कपडे बदलताना कुणी बघावं तसं." मग पदर खोचला आणि सरळ मालकांच्या केबिनकडे निघाली. मी मागोमाग गेले.

मालक वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी मॅनेजरना बोलावून घेतलं. मॅनेजर अगदी शांत. "सर, कंपनीचा कॉम्प्युटर आहे. कामाच्या वेळेत कोण काय करतं ते बघणं माझं कामच आहे."

मालकांनी मान डोलावली. "कॉम्प्युटर कंपनीचा आहे, हे खरं आहे, ताई."

"कॉम्प्युटर कंपनीचा आहे," ती म्हणाली. "पोट माझं आहे. माझी पाळी कधी येते ते चहाबरोबर वाचायचं, हे कुठलं काम?"

मालकांनी मान खाली घातली. त्यांना तो शब्द ऐकून अवघडल्यासारखं झालं होतं. वाचणाऱ्यांना झालं नव्हतं, त्यांना झालं. मग ते मॅनेजरना म्हणाले, "हे बंद करा. आजच."

तसं ते बंद झालं. गाड्यांचे, मालाचे निरोप सगळ्यांना दिसतील असे एका चौकटीत जाऊ लागले. एकाने दुसऱ्याला लिहिलेलं दुसरीकडे साठवायचं नाही, असं ठरलं. काही गोंधळ झाला आणि बघायची वेळ आलीच, तर लिहिणाऱ्याला समोर बसवून बघायचं. आज विचार केला तर नियम चांगला होता. पण त्यानंतर त्या चौकटीत कुणी गाडी आणि पत्रा यापलीकडे काही लिहिलं नाही. आम्ही दोघी पुन्हा जिना चढायला लागलो.

मॅनेजरना कुणी काही बोललं नाही. ते त्याच खुर्चीत बसत राहिले, तेच गंध लावून. मैत्रीण त्यांच्यासमोर बसायची आणि साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि येवल्याला एका शाळेच्या ऑफिसात लागली. नवराही तिकडे गेला. तिथे तिला मुलगी झाली, उपचारांनी की आपोआप ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ती ज्या दिवशी कारखाना सोडून गेली, त्या दिवशी साहेबांनी पेढे मागवले. स्वतः खोका घेऊन फिरले. तिला म्हणाले, "मनात काही ठेवू नका." ती म्हणाली, "ठेवणार आहे, साहेब." आणि पर्स उचलून जिना उतरून गेली.

खोका माझ्यापुढे आला. त्यांच्या बोटांना पेढ्याचं तूप लागलं होतं. मी म्हटलं, "माझा उपास आहे." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी कसलाच उपास नव्हता, आणि हे त्यांना कळावं असंच मला वाटत होतं.