केसांना हवा मारणारा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी पत्रा दाबायची प्रेस चालवतो, आणि शेजारच्या बफिंगमधला, म्हणजे पत्रा घासून चमकवणारा, एक माणूस रोज माझं डोकं फिरवतो. नाव कधी विचारलं नाही. शिवी द्यायला नाव लागत नाही. पाळी सुटायची वेळ जवळ आली की गडी कॉम्प्रेसरची नळी उचलणार. आधी पँटवर हवा, मग शर्टावर, मग डोळे गच्च मिटून केसांत. काळी धूळ उडून झाली की खिशातला कंगवा काढून भांग. तोवर इकडे आम्हा दोघांच्या एकाच लाइनमधली हवा उतरते आणि माझी प्रेस खट्कन थांबते. तिचा ब्रेक हवेने सुटतो आणि स्प्रिंगने लागतो. हवा कमी पडली की स्प्रिंग ब्रेक आवळूनच धरते. माझे नग राहतात मागे!

"अरे, घरी जाऊन आंघोळ कर ना!" मी ओरडतो.

"भाऊ, असा काळा गेलो तर बसमधी शेजारी कोणी बसत नाय," तो म्हणतो आणि पुन्हा केसांत हवा मारतो.

परवा प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा अडकला. तो ओढायला मी हात घातला आणि माझाच पाय पेडलवर पडला. वरचा ठोकळा खाली सुटला आणि बोटांच्या वर, वीतभर अंतरावर, खट्कन थांबला. मागे नळी फुसफुसत होती.

मी हात बाहेर काढला. पेडलवरचा पाय उचलला.

त्याने नळी ठेवली, भांग पाडला आणि माझ्याकडे नवलाने बघितलं.

"काय भाऊ, आज शिवी नाय?"