सासऱ्यांचं नाक साप्ताहिकात

माझी कशी फजिती झाली ते ऐकायचं असेल, तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना एकाने सगळा चहा माझ्या धोतरावर सांडला होता.

तेव्हा मी गिरगावात एका शिळाछापखान्यात चित्रं काढायचो. दगडावर उलटं काढायचं, कागदावर ते सुलटं उमटायचं. देवादिकांच्या तसबिरी, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, असली कामं. त्यात मालकांनी एक विनोदी साप्ताहिक काढलं. मला म्हणाले, "एक पुढारी काढा. सभेत मिताहारावर बोलतोय आणि पाठीमागे नेलेल्या हाताने लाडू उचलतोय."

पोट जमलं, पगडी जमली, लाडूही जमले. चेहरा मात्र काही केल्या सुचेना. आणि मग सुचला. कोणाचा? आमच्या सासऱ्यांचा, नानांचा. पोपटाच्या चोचीसारखं नाक आणि त्याखाली झुपकेदार मिशा. नाना राहायचे अलिबागेला, साप्ताहिक खपायचं मुंबईत. कोणाला कळणार होतं?

चित्र असं गाजलं की लोकांनी ते पान फाडून दुकानादुकानांत चिकटवलं. मी छाती काढून हिंडत होतो, तोच निरोप आला. बायको बाळंतपणाला माहेरी होती, तिला आणि बाळाला पोचवायला नाना स्वतः येत होते. वर एक अट होती. जावयाचं चालचलन आणि बिऱ्हाड पसंत पडलं तर मुलगी ठेवायची, नाहीतर आल्या पावली परत न्यायची.

धक्क्यावरून घोडागाडी केली. नाना नेमके रस्त्याच्या बाजूला बसले. समोर पानवाल्याचं दुकान आणि दुकानावर आमचा पुढारी.

"नाना, तिकडे बघू नका. त्याच्याकडे सुतक आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात तो पानवालाच मला बघून ओरडला, "या मास्तर, विडा घेऊन जा."

"सुतकात विडे विकतो?" नानांनी विचारलं.

"मुंबई आहे, नाना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या वळणावर मी एक मोडकी भिंत मोठ्या कौतुकाने दाखवली, त्यापुढे एक बंद विहीर. बायको बाळाला थोपटत माझ्याकडे बघत होती. नवऱ्याला ऊन लागलं असावं, असं तिला वाटलं म्हणे.

फणसवाडीत बिऱ्हाडी पोचलो आणि मी सुस्कारा सोडला. नानांनी गालावरून हात फिरवला. "जावईबापू, दाढी करून येऊ."

"न्हाव्याचा हात कापतो हल्ली."

"माझी कातडी जाड आहे. चला."

दुकानात शिरलो. आरशाशेजारी तेच पान. खाली नाना, वर नाना. न्हाव्याने साबण लावला, तशी नानांची नजर वर गेली. ते बघतच राहिले. मी मनातल्या मनात बायकोचं सामान परत बांधायला घेतलं.

"हे कोणी काढलं?"

"मी, नाना." आवाज माझाच होता, पण फार लांबून आला.

नानांचं पोट हलायला लागलं. साबणाचा फेस मिशांवरून उडाला. ते चक्क हसत होते.

"धन्य आहे तुमची," डोळे पुसत ते म्हणाले. "स्वतःलाच भर बाजारात असं उभं करायला छाती लागते."

"स्वतःला?"

"तर काय, मास्तर," न्हावी म्हणाला, "आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं."

मी आरशात पाहिलं. खरं सांगतो, मला काहीच साम्य दिसलं नाही. पण जीव असा हलका झाला की मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, नाना."

घरी आल्यावर नानांनी निकाल दिला. "पोरी, जो माणूस स्वतःला हसतो तो बायकोला त्रास देत नाही. तू इथेच राहा."

ते आडवे झाल्यावर मी बायकोला हळूच ते चित्र दाखवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिने बाळ मांडीवर घेतलं, चित्र निरखलं.

"नाक बाबांचं आहे," ती म्हणाली. "पण ते चोरून खाणं, आणि वर तो साळसूद चेहरा? तो काढायला तुम्हाला अलिबागेपर्यंत कशाला जावं लागलं?"